‘हा मी नव्हेच!’ : नटांची अर्कचित्रं आणि आपल्या भागाची एक उसनी ओळख

(मंडळाच्या बैठकीत वाचलेलं टिपण, थोडं वाढवून.)

संकेश्वरात आमच्या गल्लीच्या गणपतीपुढं १९९०च्या आसपास ‘तो मी नव्हेच’चा हौशी प्रयोग झाला होता. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. सुट्टीला आलो की मंडळाच्या हस्तलिखिताची सजावट माझ्या गळ्यात पडायची, कारण घरात ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि रोट्रिंगची पेनं असलेला गल्लीत मी एकटाच. त्या वर्षी मी लखोबा लोखंडेचं काम करणाऱ्या गृहस्थांचं व्यंगचित्र काढलं. ते तंबाखूच्या वखारीत कारकून होते. उंच, खांद्यात किंचित वाकलेले, आणि बोलण्याआधी मान डावीकडं झुकवून समोरच्याला जोखायची सवय. मी ती मान धरली आणि बाकीचं सगळं तिच्या मागं लावलं. चित्र बघून पोरं हसली. ते मात्र हसले नाहीत. वही मिटून म्हणाले, “हा मी नव्हेच.” त्यावर मंडपात आणखी मोठा हशा झाला. मग त्यांनी ते पान फाडून घडी घालून खिशात ठेवलं.

त्या वेळी मला वाटलं, माणूस चिडका आहे. आता वाटतं, ते अगदी बरोबर बोलत होते. मी नेमकं कुणाला काढलं होतं? वखारीतल्या कारकुनाला, की लखोबाला? कारकुनाला काढलं असेल तर त्यांच्या नोकरीच्या जागी थट्टेला निमित्त झालं. लखोबाला काढलं असेल तर मग मान त्यांची का? मासिकांतून येणारी रंगभूमीवरच्या नटांची व्यंगचित्रं मी तेव्हापासून या एका प्रश्नासाठी बघत आलोय. त्यातून जे हाती लागलं ते इथं मांडतो. मी चित्रकलेचा विद्यार्थी नाही. नोकरीत नकाशे वाचले आणि निवृत्तीआधीच इतिहासाच्या नादाला लागलो, एवढीच माझी पात्रता.

तीन चित्रं, तिसरं अवघड

व्यंगचित्र हा मोठा शब्द. त्यातला माणसाचा ‘अर्क’ काढणारा प्रकार म्हणजे अर्कचित्र. नटाच्या बाबतीत त्याच्या तीन तऱ्हा संभवतात. पहिली, नट माणूस म्हणून काढणं : चहा पिताना, तालमीला उशिरा येताना. दुसरी, पात्र काढणं : कुणीही केलेला सुधाकर, कुणीही केलेला फाल्गुनराव. तिसरी, अमक्या नटाने केलेलं तमकं पात्र काढणं. यात एकाच रेषेत दोन माणसं बसवायची असतात. नट पुसला गेला तर ते नाटकाच्या पुस्तकातलं साधं चित्र होतं. पात्र पुसलं गेलं तर निव्वळ चेहऱ्याची थट्टा उरते.

इंजिनिअरच्या भाषेत सांगतो. इमारतीची दर्शनी बाजू काढणं सोपं, ती रस्त्यावरून दिसते. फोटो म्हणजे दर्शनी बाजू. इमारत उभी कशी राहिली हे कळायला छेद काढावा लागतो, म्हणजे भिंत मनाने कापून आतली तुळई, जिना, पाया दाखवायचा. चांगलं अर्कचित्र हा नटाच्या कामाचा छेद असतो. या नटाने हे पात्र शरीरात नेमकं कुठं पेललं, ते त्यात दिसलं पाहिजे. कुणी खांद्यात पेलतो, कुणी हनुवटीत, कुणी नुसत्या बोटांत. व्यंगचित्रकाराला तो सांधा सापडला की नाक लांब करायची गरजही उरत नाही.

शाराकूने काय केलं

या तिसऱ्या प्रकारातलं मला माहीत असलेलं सर्वांत धीट काम जपानचं आहे. एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, १७९४ ते १७९५ अशा जेमतेम दहा महिन्यांत शाराकू नावाच्या चित्रकाराने काबुकी नटांची सुमारे १४० ठसाचित्रं केली आणि तो नाहीसा झाला. तो कोण होता यावर अजून वाद चालतात. त्याचं ओतानी ओनिजी या नटाचं चित्र जगभर गेलंय. पात्र आहे दांडगाई करून लुबाडणारा एदोबेई. मान पुढं काढलेली, तोंडाचे कोपरे खाली ओढलेले आणि झग्यातून दोन्ही पंजे बाहेर फाकलेले. पंजे शरीराच्या मानाने लहान आणि चुकीच्या जागी उगवल्यासारखे. प्रमाण चुकलंय खरं, पण त्या चुकीतच दरोड्याचा क्षण पकडलाय. नटाने तो क्षण हातांत पेलला होता, हे दोनशे वर्षांनंतरही आपल्याला कळतं.

आपल्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची आहेत ती स्त्रीपार्टी नटांची चित्रं. काबुकीतही स्त्रियांच्या भूमिका पुरुष करत. सेगावा किकुनोजो हा त्यांतला नामांकित, शाराकूने काढला तेव्हा चाळिशी ओलांडलेला. इतर चित्रकार अशा नटांना सुंदर स्त्री म्हणूनच रंगवत. शाराकूने केसांची रचना, वस्त्र, मानेची लवण सगळं स्त्रीचं ठेवलं आणि त्याच्या आत पुरुषाचा ओढलेला चेहरा तसाच राहू दिला. त्यात चेष्टा नाही. वयस्क पुरुष केवळ कसबाच्या जोरावर स्त्री होतोय, ही मेहनत त्याने दाखवली.

आता आपल्याकडं वळू या.

आपल्याकडं फोटो का राहिले

बालगंधर्व जन्मले १८८८ साली. १९११ला ‘मानापमान’, १९१६ला ‘स्वयंवर’, १९१९ला ‘एकच प्याला’. त्यांची नऊवारी, वेणीफणी घराघरांतल्या बायकांनी उचलली आणि पुरुष गंधर्व टोपी घालू लागले. साठी गाठली तरी ते नायिका करत होते. शाराकूला मिळाला असता तर सोनं वाटावं असा हा विषय! पण मी जेवढे जुने अंक चाळलेत त्यांत गंधर्व भेटतात ते फोटोतून. बसलेले, मान जरा कलती, नजर कॅमेऱ्याच्या पलीकडं. भामिनी, रुक्मिणी, सिंधू या तिघींतला फरक दागिने आणि पातळ यांच्यावरून ओळखायचा. अंगातून ओळखावा असं त्या फोटोंत फार थोडं सापडतं.

याला छपाईचं कारण देता येत नाही. रेषाचित्र छापायला जस्ताचा साधा लाइन ब्लॉक पुरायचा. फोटोला जाळीचा हाफटोन ब्लॉक लागायचा, त्याला खर्च जास्त आणि कागदही बरा लागायचा. हलक्या कागदावर फोटोचा काळा ठिपका व्हायचा हे ज्यांनी जुने अंक पाहिलेत त्यांना सांगायला नको. म्हणजे स्वस्त आणि सुबक मार्ग हाताशी असताना आपण महाग आणि धुरकट मार्ग धरला. माझ्या मते कारण भक्तीचं आहे. नटाची रेषा ओढणं म्हणजे त्याचा भंग करणं, ही भावना. स्त्रीपार्टी नटाच्या बाबतीत तर जास्तच, कारण रेषेने हनुवटी खरी काढली की जादू संपेल ही धास्ती.

व्यंगचित्राला विरोध होता असंही नाही. शं. वा. किर्लोस्करांनी नांगर-पंपांच्या कारखान्याच्या गावातून, किर्लोस्करवाडीहून, १९२०मध्ये सुरू केलेल्या मासिकात स्वतः व्यंगचित्रं काढली. ‘टाकांच्या फेकी’ या नावाने ती गाजली. त्यांनी समाजाच्या रूढींना टाकाने टोचलं आणि वाचकांनी ते सोसलं. तिकडं म्हैसूर भागात १९४२पासून ‘कोरवंजी’ हे विनोदी मासिक निघत होतं, आर. के. लक्ष्मण यांचा हात तिथं तयार झाला. १९६०ला ‘मार्मिक’ आलं आणि बाळ ठाकरे यांच्या कुंचल्याने पुढाऱ्यांची अर्कचित्रं घरोघर पोचवली. रूढी, पुढारी, लेखक सगळे रेषेत आले. नट मात्र बराचसा चौकटीत, हार घातल्यासारखा राहिला.

सरवटे, फडणीस आणि पु. ल.

लेखक रेषेत आले ते मुख्यतः वसंत सरवटे यांच्यामुळं. सरवटे १९२७चे, जन्म कोल्हापूरचा, पेशाने इंजिनिअर, नोकरी सिमेंट कंपनीत. साहजिकच मला त्यांच्याविषयी जरा जास्त आपुलकी. ‘ललित’च्या दिवाळी अंकांवर त्यांनी वर्षानुवर्षं साहित्यिकांचे मेळावे भरवले. हे मेळावे मला मुखपृष्ठापेक्षा नाटकातला प्रवेश वाटतात. लेखक हा मुळात खुर्चीत बसून काम करणारा प्राणी, त्याच्या शरीराशी वाचकाला घेणंदेणं नसतं. सरवट्यांनी त्यांना उठवलं, कामाला लावलं, एकमेकांशेजारी उभं केलं. कोण कुणाकडं बघतोय आणि कोण मुद्दाम बघत नाहीये, यात अर्धा विनोद. म्हणजे मराठीत नटांचं अर्कचित्र कमी झालं, पण लेखकांनाच नट करून टाकलं गेलं!

या दोन्ही टोकांना जोडणारा माणूस एकच, पु. ल. देशपांडे. ‘बटाट्याची चाळ’ पुस्तकाला सरवट्यांची चित्रं आहेत, आणि तीच चाळ पु. ल. १९६१पासून रंगमंचावर एकट्याने उभी करत होते. एक माणूस, सगळे बिऱ्हाडकरू. पुढं आलेले दात आणि चष्मा हे तर कुणीही काढेल. सरवट्यांचे पु. ल. वेगळे वाटतात ते त्यांच्या उभं राहण्यातल्या उत्साहामुळं, म्हणजे आता हा माणूस दुसरा कुणीतरी होणार अशी जी तयारी अंगात दिसते तिच्यामुळं. आपल्या मासिकांत नटाचा छेद कुठं नीट उतरला असं कुणी विचारलं तर मी तिथं बोट ठेवीन.

शि. द. फडणीस तर आपल्याच मातीतले. १९२५चा जन्म, गाव भोज, निपाणीच्या बाजूचं, वेदगंगा-दूधगंगेच्या काठचं. ‘हंस’, ‘मोहिनी’ची त्यांची मुखपृष्ठं अजून लोकांच्या डोळ्यांपुढं आहेत. एकाच्या कपड्यांवर मांजरांची नक्षी, शेजारच्याच्या कपड्यांवर उंदरांची, आणि शब्द एकही नाही. त्यांच्या चित्रांत नामांकित माणूस नसतोच, असतो तो कुणीही. पण मांडणी बघा. सगळं समोरून, सपाट उजेडात, डावी-उजवी बाजू तोललेली, जणू पडदा नुकताच वर गेलाय. त्यांनी नट काढला नाही, नेपथ्य काढलं, असं मला वाटतं. ‘चित्रहास’मध्ये ते स्वतः रंगमंचावर उभे राहून प्रेक्षकांसमोर चित्रं काढत, हेही इथं आठवतं.

मंगेश तेंडुलकरांचं नाव घेतल्याशिवाय हा भाग संपवता येणार नाही. ते व्यंगचित्रकार आणि नाट्यसमीक्षकही. प्रयोग बघणारा डोळा आणि रेषा काढणारा हात एकाच माणसाकडं असणं ही आपल्याकडं दुर्मीळ गोष्ट. न्यूयॉर्कमध्ये अल हिर्शफेल्ड यांनी तेच काम सत्तरहून अधिक वर्षं केलं. अंधाऱ्या नाट्यगृहात खिशातल्या खिशात पेन्सिल चालवून टिपणं घ्यायची आणि घरी येऊन एका वळणदार रेषेत अख्खा प्रवेश बांधायचा. तिथल्या वर्तमानपत्राने त्यासाठी त्यांना जागा दिली, हे महत्त्वाचं. आपल्याकडं हात होते. परीक्षणाशेजारची ती जागा कायमची कुणाला दिली गेली नाही.

लखोबाची पाच तोंडं

आता पुन्हा निपाणीकडं. ‘तो मी नव्हेच’चा पहिला प्रयोग ८ ऑक्टोबर १९६२ला दिल्लीत झाला. लेखक आचार्य अत्रे, संस्था मो. ग. रांगणेकरांची नाट्यनिकेतन, आणि प्रभाकर पणशीकर पाच भूमिकांत : लखोबा लोखंडे, दिवाकर दातार, कॅप्टन अशोक परांजपे, दाजीशास्त्री दातार, राधेश्याम महाराज. फिरत्या रंगमंचावर एका बाजूला कोर्ट, आणि साक्षीदार बोलू लागला की मंच फिरून मागची हकीकत समोर येते. (आमच्या गल्लीत फिरता मंच कुठला! दिवे घालवायचे, चार पोरं टेबल उचलून पळायची, एकदा न्यायाधीशच अंधारात खुर्चीवरून पडले.)

या नाटकाचा सगळा डाव ओळखीवर आहे. साक्षीदार येतात आणि सांगतात, हाच तो. आरोपी म्हणतो, तो मी नव्हेच. अर्कचित्राचाही डाव तोच असतो : बदललेल्या चेहऱ्यातूनही ‘हाच तो’ असं बघणाऱ्याच्या तोंडून वदवायचं. म्हणून मी या नाटकाला अर्कचित्रकाराची परीक्षा म्हणतो. पाच चित्रं काढायची, पाचही वेगळी दिसली पाहिजेत आणि पाचांतही पणशीकर सापडले पाहिजेत. मिशी, पगडी, गणवेश, भगवी वस्त्रं यांनी वेगळेपण येईल. सारखेपण कशाने आणणार? मी कोल्हापुरात त्यांचा प्रयोग पाहिला तेव्हा मला ते थांबण्यात दिसलं. प्रश्न आला की उत्तराआधी एक क्षण अंग पूर्ण स्थिर, आणि त्या स्थिरतेत डोळे हिशेब करतायत. माझ्या माहितीत या नाटकाच्या जाहिरातीत, लेखांत पाच फोटोंची ओळ लावायची पद्धत पडली. फोटोंत पाच वेश दिसतात. तो क्षण त्यांत येत नाही, कारण फोटोत सगळेच स्थिर असतात.

निपाणीने काय गमावलं

इथपर्यंत कलेची चर्चा झाली. पुढचं आपल्या भागाचं आहे.

लखोबा स्वतःला निपाणीचा तंबाखूचा व्यापारी म्हणवतो आणि त्याच्या मराठीला आपल्याकडचा हेल आहे. मी पुण्या-मुंबईत नोकरीला असताना “गाव कुठलं?” असं विचारलं की मी संकेश्वर सांगायचो, समोरचा विचारायचा “म्हणजे कुठं?”, मी म्हणायचो निपाणीजवळ, आणि मग हमखास लखोबाची नक्कल ऐकावी लागायची. हसून घ्यायचो. पण हे अर्कचित्रच होतं, रेषेऐवजी हेलातलं. फरक एवढाच, की यातला ‘अर्क’ कुणा एका माणसाचा नसून अख्ख्या गावावर बसला.

अत्र्यांनी निपाणीच का निवडली असेल? माझा तर्क असा : १९५६च्या राज्य पुनर्रचनेत निपाणी म्हैसूर राज्यात गेली. १९६०ला महाराष्ट्र झाला तो तिच्याशिवाय. भाषा आपली, कचेरी दुसऱ्यांची. खोटी ओळख सांगणाऱ्या माणसाला याहून सोयीचं गाव कुठलं? पण संयुक्त महाराष्ट्रासाठी, बेळगाव-निपाणीसाठी आवाज उठवणाऱ्या अत्र्यांच्याच लेखणीतून सीमाभागाची सर्वांत गाजलेली ओळख एका भामट्याच्या तोंडी आली, हेही खरं. अत्र्यांना दोष द्यायचा नाही, नाटक उत्तमच आहे. दोष असला तर आमचा आहे. त्या चित्राशेजारी ठेवायला आम्ही दुसरं चित्र तयार केलं नाही.

कारण खरी निपाणी तेव्हाही वेगळी होती. विड्या वळणाऱ्या बायका, वखारीतले हमाल, भाव पडला की वर्ष बुडणारा शेतकरी. १९८१मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक रस्त्यावर बसले आणि पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे जीव गेले. ही माणसं बाहेरच्या कुणाच्या नकलेत येत नाहीत.

उलट उदाहरण पु. लं.चं. ते बेळगावात कॉलेजात शिकवायला होते. ‘गणगोत’मधले त्यांचे रावसाहेब बेळगावचे, बोलणं कानडी-मराठीची मिसळ, शिव्यांसकट. हेल तोच, अतिशयोक्तीही तितकीच. तरी वाचताना आपल्याला लाज वाटत नाही, डोळे भरून येतात. कारण रावसाहेब एक माणूस आहे, त्याला घर आहे, नाटकाचं वेड आहे, दुःख आहे. लखोबाचा हेल हा वेशाचा भाग आहे, रावसाहेबांचा हेल हा स्वभावाचा. अर्कचित्र चांगलं की वाईट, हे ठरवायला माझ्याकडं ही एकच फूटपट्टी आहे : वाढवून दाखवलेली गोष्ट त्या माणसाच्या आतून आलीय, की वरून चिकटवलीय?

आता काय करायचं

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. १९१५पासूनची वास्तू. ती पुन्हा उभी करता येते, मोजमापं आहेत, नकाशे आहेत. पण त्या मंचावर कोण कसा उभा राहायचा, याचा नकाशा कुठं आहे? आवाज काही प्रमाणात तबकड्यांत राहिले. हालचाल राहिली ती ज्याने बघून रेषा ओढली त्याच्याकडं.

म्हणून वाचकांना एक विनंती. घरात, शाळेत, वाचनालयात जुने दिवाळी अंक, मासिकं, गणेश मंडळांची हस्तलिखितं, नाट्यमहोत्सवांच्या स्मरणिका असतील तर रद्दीत घालण्याआधी चाळा. नटाचं रेषाचित्र दिसलं तर नुसतं चित्र कापू नका. अख्ख्या पानाचा फोटो घ्या, अंकाचं नाव, महिना, वर्ष, पानाचा आकडा आणि चित्रकाराची सही दिसेल असा. शेजारचा मजकूर महत्त्वाचा असतो, प्रयोग कुठला ते बहुतेक वेळा त्यातूनच कळतं. नटाचं नाव घरातल्या म्हाताऱ्या माणसांना दाखवून विचारा. त्यांना चेहऱ्यापेक्षा लकब आधी ओळखू येते, असा माझा अनुभव आहे.

मागच्या गणपतीत मी ते फाडलेलं पान आठवून पुन्हा काढायला बसलो. ते गृहस्थ आता नाहीत. चेहरा काही केल्या आठवेना. नाक सरळ होतं की बाकदार, मिशी होती की नाही, कशाचाच भरवसा नाही. मान मात्र पहिल्या फटक्यात आली. ती घेऊन मी त्यांच्या मुलाकडं गेलो. त्याने कागद हातात धरला, आणि माझ्या देखत त्याचीही मान डावीकडं झुकली. “अण्णा,” तो म्हणाला. चित्र त्याने ठेवून घेतलं. या वेळी मी आधीच त्याची एक प्रत काढून ठेवली होती.